पहिल्यांदाच पोस्ट-रॉक नाहीतर मेटलच्या गिगला निघालात? मग एवढं वाचून जा

ओपेथ, कॅटाटोनिया, मोग्वाय, आल्सेस्त, कल्ट ऑफ लूना. यांतलं एखादं नाव हेडफोनमधून ओळखीचं झालं असेल आणि आता तो बँड तुमच्या शहरात किंवा एका रात्रीच्या प्रवासावर येतोय असं कळलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. या मंडळींना कोणी पोस्ट-रॉक म्हणतं, कोणी पोस्ट-मेटल, कोणी नुसतंच अ‍ॅटमॉस्फेरिक. नावावरून वाद घालणारे लोक गिगच्या, म्हणजे बँडच्या प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या, रांगेत भेटतातच; ते काम त्यांच्यावर सोपवा. आपल्यापुरतं एवढंच लक्षात ठेवायचं की या संगीताला घाई नसते. दहा-बारा मिनिटांचं गाणं, त्यातली पहिली चार मिनिटं एकच सूर हळूहळू फुगत जाणार आणि मग सगळी वाद्यं एकदम अंगावर येणार. स्टेडियममधल्या पॉप कॉन्सर्टचे आडाखे इथे फारसे कामाचे नाहीत. माझं मत विचाराल तर पहिल्या गिगची मजा दोनच गोष्टींवर ठरते: तुम्ही कुठे उभे राहिलात आणि कानांत काय घातलंत. बाकी सगळं त्यामागून.

आधी बँड गाठा

भारतात हे बँड बारमाही येत नाहीत. येतात ते बहुतेक थंडीच्या दिवसांत, आणि बऱ्याचदा एखाद्या मोठ्या महोत्सवाच्या निमित्ताने. २००९च्या डिसेंबरमध्ये पॉर्क्युपाइन ट्री आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगोला वाजवून गेले. त्याच वर्षी ओपेथ आयआयटी मद्रासच्या सारंगला आले होते. पुण्यात एनएच७ वीकेंडरने बरीच वर्षं ही हौस भागवली. २०१५ला मोग्वाय, २०१६ला स्टीव्हन विल्सन, २०१९ला ओपेथ. निव्वळ मेटल हवं असेल तर २०१२पासून बंगळुरू ओपन एअर आहे. मुंबईत लोअर परळच्या अँटीसोशलसारख्या बंदिस्त जागा आहेत, तिथे लहान बँड येतात.

पण पहिला गिग परदेशी बँडचाच हवा असा हट्ट धरू नका. अ‍ॅज वी कीप सर्चिंग हा मूळ अहमदाबादचा पोस्ट-रॉक बँड किंवा स्कायहार्बर यांचा क्लबमधला कार्यक्रम लागला तर आधी तिथे जा. तिकीट स्वस्त, गर्दी आटोक्यात, आणि आपल्याला हा प्रकार दोन तास उभं राहून झेपतो का तेही कळतं. थेट मोठ्या मैदानावर जाऊन, दोनशे फुटांवरून पडद्यावर बँड बघून ‘काही खास नाही’ म्हणत परत येणारे मी पाहिलेत.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी युरोपात असाल तर मात्र तुमची चंगळ आहे. हे बँड मूळचे तिकडचेच, आणि त्यांच्या दौऱ्यांचा मुख्य रस्ता म्हणजे पाचशे ते दोन हजार माणसांचे हॉल. नेदरलँड्समधल्या टिलबर्गला ०१३ नावाच्या हॉलमध्ये दर एप्रिलमध्ये रोडबर्न महोत्सव भरतो. १९९९पासून चालू आहे आणि जड, संथ, विचित्र संगीताची ती पंढरीच मानतात. आइंडहोवनमध्ये मराठी इंजिनिअरांची काही कमी नाही; तिथून टिलबर्ग रेल्वेने जेमतेम अर्ध्या तासावर. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ ऑगस्टमध्ये आर्कटॅन्जन्ट होतो, तो २०१३ला सुरू झाला. तिकडे मात्र तंबू, चिखल आणि गमबूट यांची तयारी ठेवा.

तिकीट काढताना

तिकिटाची लिंक नेहमी बँडच्या स्वतःच्या पानावरून उघडा. तिथून ती बुकमायशो, डिस्ट्रिक्ट किंवा स्किलबॉक्सकडे नेईल. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी ‘एक्स्ट्रा पास आहे’ म्हणून पाठवलेल्या क्यूआर कोडचा फोटो आणखी दहा जणांकडे गेलेला असू शकतो, आणि दारावर पहिला स्कॅन होईल तोच आत जातो.

तिकिटावर वयाची अट वाचा. जिथे दारू मिळते तिथे बहुतेक २१ वर्षांची अट असते आणि दारावरचा माणूस ओळखपत्र मागतोच. कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातल्या मुलांची इथेच फसगत होते. स्टेजपुढच्या कठड्याजवळचं महाग तिकीट आणि साधं उभं राहायचं तिकीट असे दोन प्रकार असतील तर साधं घ्या. का, ते पुढे येईल.

बाहेरगावी जाणार असाल तर आधी गिगचं तिकीट, मग प्रवासाचं, आणि प्रवासाचं शक्यतो रद्द करता येईल असं. २८ ऑक्टोबर २०११ला मेटालिकाचा गुडगावचा कार्यक्रम लोक मैदानात पोचल्यावर बारगळला. दोन दिवसांनी बंगळुरूचा मात्र झाला. एवढ्या मोठ्या बँडच्या बाबतीत असं होऊ शकतं, तर तीनशे माणसांच्या गिगबद्दल हमी कोण देणार? अशा वेळी तिकिटाचे पैसे मिळतात, पण विमानाचे आणि हॉटेलचे तुमच्या बोकांडी बसतात.

आठवडाभर आधी

सगळी डिस्कोग्राफी पाठ करत बसू नका. दौरा बहुतेक वेळा नव्या अल्बमच्या निमित्ताने असतो, त्यामुळे सेटमधला, म्हणजे त्या रात्री वाजणाऱ्या गाण्यांमधला, मोठा भाग त्यातलाच असतो. तो अल्बम तीन-चार वेळा ऐका, शक्यतो अंधारात आणि सलग. जुनं आवडतं गाणं वाजेलच असं नाही. सेटलिस्ट.एफएम या साइटवर त्याच दौऱ्यात आधीच्या शहरांत वाजलेल्या गाण्यांची यादी मिळते. ज्यांना आश्चर्याचा धक्का हवा त्यांनी ती बघू नये. मी बघतो. दहा मिनिटांचं कोणतं गाणं चालू असताना पाणी आणायला जायचं नाही हे आधी कळलेलं बरं.

सोबत सपोर्ट बँडची, म्हणजे मुख्य बँडच्या आधी वाजवणाऱ्यांची, दोन गाणी ऐकून ठेवा. या वर्तुळात मुख्य बँड बऱ्याचदा स्वतःच्या आवडीचा बँड सोबत घेऊन फिरतो, आणि पुढे वर्षभर ऐकत राहाल असं नाव तिथेच सापडतं.

कानांचा बंदोबस्त

हा भाग वगळू नका.

अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशेबाने ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसला तर चालतो, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८८ला चार तास, ९१ला दोन, आणि १००ला पोचलात की फक्त पंधरा मिनिटं. मेटलच्या गिगला १०० डेसिबल ही काही अचाट गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ला कार्यक्रमाच्या जागांसाठी घातलेली मर्यादाही पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबलचीच आहे. जर्मनीत अर्ध्या तासाच्या सरासरीने ९९ डेसिबलचं मानक पाळतात, आणि कित्येक हॉलमध्ये साउंडवाल्याच्या टेबलावर आकडा लाल अक्षरांत दिसत असतो. आपल्याकडे हॉलमध्ये असा आकडा मी तरी बघितलेला नाही.

त्यातून या बँडपैकी काहींचा सगळा खेळच आवाजाच्या वजनावर चालतो. माय ब्लडी व्हॅलेंटाइन आपल्या गिगला दारावरच इअरप्लग वाटतात. सन नावाचा अमेरिकन जोडबँड झगे घालून, धुरात उभा राहून, एकेक सूर मिनिटभर ताणतो. तो कानांपेक्षा बरगड्यांनी जास्त ऐकायचा असतो.

घ्यायचं काय? मेडिकलच्या दुकानात मिळणारे फोमचे प्लग अगदीच स्वस्त असतात आणि काम करतात. फक्त ते वरचे सूर जास्त कापतात, त्यामुळे झांजा आणि गायकाचे शब्द गढूळ ऐकू येतात. गिगला दोनदा जाणार असाल तर संगीतासाठी बनवलेले, आत गाळणी असलेले सिलिकॉनचे प्लग घ्या. ते सगळे सूर साधारण सारख्या प्रमाणात खाली आणतात. गंमत म्हणजे जोरदार भागात प्लग घातल्यावर गिटारचे थर उलट जास्त वेगळे कळतात, कारण उघडा कान तोवर गांगरून गेलेला असतो. कापसाचे बोळे मात्र नकोत; ते फारसं काही अडवत नाहीत.

फोमचा प्लग नुसता कानात खुपसून भागत नाही. स्वच्छ बोटांनी तो बारीक वळा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कानाची वरची कड वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. नीट बसला की तुमचा स्वतःचाच आवाज तुम्हाला घुमल्यासारखा ऐकू येतो. घरी एकदा करून बघा. अंधारात, धक्के खात पहिल्यांदा करायची ही गोष्ट नव्हे.

आणि घालायचे कधी? मुख्य बँडच्या आधी तंत्रज्ञ येऊन ड्रम एकेक करून वाजवून बघतात. मोठ्या ड्रमवर पाय पडल्यावर तुमच्या छातीत धप्पकन् लागलं की समजा, वेळ झाली.

कपडे, पोट, पिशवी

काळा टीशर्ट सक्तीचा नाही, पण घातलात तर गर्दीत मिसळून जाल. जो बँड वाजवणार आहे त्याचाच टीशर्ट घालून जायचं नाही असा एक जुना अलिखित नियम आहे. तो पाळणारे आणि तोडणारे सारखेच उत्साही असतात. बूट मात्र बंद हवेत. चपलांवर कोणाचा जड बूट पडला की उरलेली रात्र तेवढंच आठवतं.

पोटभर खाऊन जा. आतल्या फ्राइजच्या किमतीत बाहेर चार जण मिसळ खातील. पिशवी लहान ठेवा. युरोपातल्या पुष्कळ हॉलमध्ये ए-४ कागदापेक्षा मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत. हिवाळ्यात जाकीट क्लोकरूमच्या खिडकीवर जमा करा, दोन-तीन युरोंनी कंजुषी करू नका, आत उकडतं. पेयाच्या ग्लासवर अनामत घेतात, ग्लास परत केला की पैसे परत. दम्याचा त्रास असेल तर पंप खिशात हवा, कारण स्टेजवरचा कृत्रिम धूर पुढच्या रांगांत उतरतो. लखलखणाऱ्या दिव्यांनी फिट येणाऱ्यांनी आयोजकांना आधी विचारून घ्यावं. काही बँड सबंध सेटभर असेच दिवे वापरतात.

वेळेत पोचणं म्हणजे काय

आपल्याकडे ‘सातचा कार्यक्रम म्हणजे आठ-साडेआठ’ असा एक समज मुरलेला आहे. तो इथे सोडा. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही. वर्षातले काही ठरावीक दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देतं, पण गिगचा दिवस त्यांत असेलच असं नाही. त्यामुळे मैदानावरचा मुख्य बँड साडेआठला सुरू होऊन दहाला बंद पडतो, मग शेवटचं गाणं राहिलं तरी. मुंबईतल्या जुन्या रॉकप्रेमींना हे दुखणं चांगलं ठाऊक आहे. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६पासून इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव रंगायचा. ती जागा शांतता क्षेत्रात गेली आणि तिथलं सगळं थंडावलं.

जर्मनीत तिकिटावर दोन वेळा छापतात, एक दार उघडायची आणि एक वाजवायला सुरुवात करायची. दुसऱ्या वेळेला पहिला बँड खरोखर सुरू होतो. पहिला अर्धा-पाऊण तास, मग सामान बदलायला वीस-तीस मिनिटं, मग मुख्य बँड सव्वा ते दीड तास, असा अंदाज धरा.

उभं कुठे राहायचं

नवखा माणूस आत शिरला की थेट कठड्याकडे धावतो. बँड जवळून दिसतो हे खरं. पण मोठे स्पीकर तुमच्या डोक्यावरून मागच्या लोकांसाठी रोखलेले असतात, आणि तुमच्या वाट्याला येतात समोरचे ड्रम, गिटारच्या अ‍ॅम्पचा थेट मारा आणि पायाशी ठेवलेले खर्जाचे खोके. गायकाचा आवाज नेमका तिथेच हरवतो. साध्या पॉपमध्ये ते खपून जाईल. इथे सहा थरांचं संगीत ऐकायला आलोय आणि दोनच थर कानावर पडतायत, तर येऊन उपयोग काय?

हॉलमध्ये नजर टाका. मधोमध किंवा थोडं मागे, कठडा घातलेलं एक टेबल दिसेल, त्यावर दिवे लुकलुकणारं, आवाजांचा मेळ घालायचं मिक्सर. तिथे बसलेला माणूस स्वतःच्या कानांनी सगळा समतोल लावत असतो. त्याच्या पुढ्यात तीन-चार पावलांवर उभे राहा. त्याला जे ऐकू येतंय, साधारण तेच तुम्हालाही येईल. भिंतीच्या कोपऱ्यांपासून लांब राहा, तिथे खर्ज साचतो आणि सगळं गढूळ ऐकू येतं. उंची कमी असेल तर पायरी किंवा बाल्कनीची पुढची कड शोधा.

ही जागा पकडायची तर सपोर्ट बँडच्या वेळीच पकडावी लागते. मधल्या वेळेत लोक बारकडे जातात, तेव्हा पुढे सरका.

दिवे मालवले की

पहिली पाच मिनिटं काहीच घडत नाहीये असं वाटेल. घडत असतं. कॅनडाचे गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर एका लांबलचक गुंजनानेच सुरुवात करतात, वादक एकेक करून येऊन त्यात मिसळतात, मागे १६ मिलिमीटरच्या फिल्मचे प्रोजेक्टर खरखरत असतात, आणि प्रेक्षकांशी अख्ख्या रात्रीत एक शब्द बोलत नाहीत. जपानच्या मोनोमधले दोन्ही गिटारवाले बसून वाजवतात. बेल्जियमच्या आमेनराचा गायक बराच वेळ प्रेक्षकांकडे पाठ करून गातो. याच्यात शिष्टपणा नाही, त्यांची रीतच तशी. उलट ओपेथचा मिकाएल ऑकरफेल्ट दोन गाण्यांच्या मध्ये मख्ख चेहऱ्याने असे विनोद करतो की घशातून गुरगुरणारा माणूस हाच का असा प्रश्न पडावा.

सवाई गंधर्वच्या मंडपात विलंबित ख्याल पुरता ऐकलेल्या माणसाला हा संयम नवा नाही. फरक दादेचा. तिथे सुंदर जागा आली की मध्येच ‘वा!’ निघतो; इथे हळुवार भागात कोणी ओरडलं की पन्नास माना वळतात. गाणं संपल्यासारखं वाटलं तरी टाळी वाजवायची घाई करू नका. शेवटचा सूर पेडलमधून (गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या पेटीतून) फिरत हवेत राहिलेला असतो, आणि पुष्कळदा शांततेनंतर तेच गाणं दुप्पट जोराने परत येतं. ड्रमवाल्याने काठ्या खाली ठेवल्या की वाजवा.

गप्पा मात्र अजिबात नकोत. जोरदार भागात तुम्ही काय बोललात ते कोणाला कळणार नाही, पण हळुवार भागात ‘अरे, पार्किंग कुठे केलीस?’ हे तीस लोकांना ऐकू जातं.

बघायचं कुठे, हाही प्रश्न असतो, कारण नाचणारा गायक बहुधा नसतोच. मी गिटारवाल्याच्या पायांकडे बघतो. तिथे फळीवर दहा-बारा पेडल असतात. एका पायाने तो आत्ताच वाजवलेला तुकडा पकडून फिरता ठेवतो, त्यावर दुसरा तुकडा चढवतो, मग तिसरा. हाताकडे पाहिलंत तर कधी करंगळी आवाजाच्या बटणावर गुंडाळलेली दिसेल: तार आधी छेडली जाते, आवाज मागून उगवतो, त्यामुळे गिटार व्हायोलिनसारखी वाटते. सिगुर रोस या बँडचा योन्सी तर गिटारवर चक्क चेलोचा गज फिरवतो. हे एकदा दिसलं की घरी रेकॉर्ड ऐकतानाही कोणता आवाज कुठून येतोय ते उमगायला लागतं.

फोनवर एखादं गाणं टिपायला हरकत नाही, पण छातीच्या उंचीवर धरा आणि फ्लॅश बंद ठेवा. धुरात फ्लॅश मारला तर फोटोत धूरच येतो.

पिट लागलाच तर

अशा बँडच्या गिगला धक्काबुक्कीचा गोल क्वचितच लागतो. बहुतेक जण डोळे मिटून माना डोलवत असतात. लागलाच तर चार पावलं मागे या, कोणी ओढत नाही. कोणी पडलं तर आजूबाजूचे सगळे त्याला आधी उचलतात, हा नियम जगभर पाळतात. गर्दीचा फायदा घेऊन कोणी अंगचटीला येत असेल तर संकोच न करता मोठ्याने बोला आणि सुरक्षारक्षकाला बोलवा. एकट्याने किंवा एकटीने गेलात तरी अवघडल्यासारखं होत नाही. असे बरेच असतात.

टीशर्टचं टेबल

फिरत्या बँडची बरीच कमाई दाराजवळच्या या टेबलावर होते, आणि त्यातूनही पुष्कळ हॉल आपला वाटा कापून घेतात. काही घ्यायचं असेल तर इथेच घ्या. टीशर्ट मुख्य बँडच्या आधी, कारण एल आणि एक्सएल लवकर संपतात. युरोपातला एम आपल्या एमपेक्षा ऐसपैस असतो, अंगाला लावून बघा. विनाइल रेकॉर्ड मात्र शेवटी घ्या, नाहीतर दोन तास काखेत धरून उभं राहावं लागेल. लहान गिगला सपोर्ट बँडचे लोक स्वतःच टेबलामागे असतात. त्यांच्याशी दोन वाक्यं बोला, त्यांनाही बरं वाटतं.

परतताना

शेवटची लोकल किंवा शेवटची बस दुपारीच बघून ठेवा. कार्यक्रम सुटल्यावर शे-दोनशे जण एकाच वेळी टॅक्सी मागवतात आणि भाडं चढतं. पंधरा मिनिटं थांबा, नाहीतर पुढच्या चौकापर्यंत चालत जा. मुंबईहून रात्रीच पुण्याला जायचं असेल तर दादर गाठा.

त्या रात्री गाडीत हेडफोन लावू नका, कानांना विसावा हवा असतो. प्लग घातले नसतील तर कानात बारीक शिट्टी वाजत राहते. साधारणपणे ती दुसऱ्या दिवसापर्यंत जाते. दोन दिवसांनंतरही चालू राहिली किंवा एका कानाने कमी ऐकू येतंय असं वाटलं, तर वाट न बघता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, आणि कार्यक्रमाला स्पीकरपासून किती लांब, किती वेळ उभे होतात तेही सांगा.